मार डोक्याला, झीज अंगाला



एक प्रश्न गेली तीस वर्षे माझ्याजवळ पडून आहे. तो माझा नाही. माझ्या खालाचा, म्हणजे मावशीचा आहे. १९९३ च्या ऑक्टोबरात सोलापूरच्या एका रुग्णालयात, खाटेशेजारी फरशीवर बसून तिने तो विचारला होता. खाटेवर माझे खालू, म्हणजे तिचे यजमान, बेशुद्ध पडले होते. डोक्याला पट्टी, नाकात नळी, हाताला सलाईन. हातापायाचे एकही हाड मोडलेले नव्हते. तरी आठ-नऊ दिवसांत दंडाचे मांस उतरले, गालफडे बसली, बरगड्या मोजता येऊ लागल्या. खाला आमच्या घरच्या दख्खनीत म्हणाली, ‘मार सर कू लगा ना, फिर बदन कायकू सूख रा?’ मार डोक्याला लागला, मग अंग का वाळतंय?

मी पंचविशीतला, नुकताच बी.ए. झालेला, कविता करणारा पोरगा. मी आपला शहाणपणा केला, ‘खाला, पोटात अन्न नाही ना, म्हणून.’ ती म्हणाली, ‘मी रमजानचे तीस रोजे ठेवते. मी कुठं अशी वाळते?’

तिच्या बोलण्यात तथ्य होते. नुसती उपासमार आणि डोक्याला मार लागल्यावरची झीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या निरक्षर बाईने डोळ्यांनी पाहून ओळखले होते. विज्ञानाला तिथवर यायला बरीच वर्षे लागली. त्या वर्षांचीच गोष्ट आज सांगायची आहे. मी डॉक्टर नाही. पण घरातल्या माणसाच्या उशाशी बसलेल्याला जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरे शोधत मी पुढे वाचत गेलो, ओळखीच्या डॉक्टरांना विचारत गेलो. ते तुमच्यापुढे ठेवतो.

ती पहाट

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी लातूर जिल्ह्यातले, म्हणून जग त्याला किल्लारीचा भूकंप म्हणते. पण तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यातली सास्तूर आणि भोवतालची गावेही त्याच घडीला बसली. सरकारी नोंदीप्रमाणे दोन्ही जिल्ह्यांत मिळून ७,९२८ माणसे गेली. जखमी सोळा हजारांच्या आसपास.

आपल्याकडची जुनी घरे तुम्हाला माहीत आहेत. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती, दगडात भरायला चिखल, वर लाकडी माळवद आणि माळवदावर पांढऱ्या मातीचा थर. दर पावसाळ्याआधी त्यावर आणखी माती पडायची. उन्हाळ्यात घर गार राहायचे, हिवाळ्यात उबदार. त्या पहाटे हे सगळे वजन झोपलेल्या माणसांच्या अंगावर आले.

माझे खालू गवंडी होते. सास्तूरजवळच्या त्यांच्या खेड्यातल्या कितीतरी भिंती त्यांच्या आणि त्यांच्या वडिलांच्या हातच्या. स्वतःच्या घराची भिंतही त्यांनीच चढवलेली. तिचाच एक दगड त्यांच्या डोक्यावर, कानाच्या वरच्या बाजूला बसला. खाला दाराजवळ निजली होती, ती वाचली. लोकांनी हातांनी माती उपसून त्यांना बाहेर काढले तेव्हा चांगले फटफटले होते. श्वास घरघरत होता. पुढचे दोन दिवस पाऊस, चिखल आणि माणसांची झुंबड. एका टेम्पोत आधी उमरगा आणि मग सोलापूर–हैदराबाद रस्त्याने सोलापूर, असा तो प्रवास झाला. उमरग्यातून मीही त्या टेम्पोत चढलो.

रुग्णालयात मी चार गोष्टी पाहिल्या, ज्यांचा मला मेळ लागेना. पहिली, रक्तातली साखर अडीचशेच्या घरात निघाली. ‘आधीपासून मधुमेह आहे का?’ डॉक्टरांनी विचारले. मधुमेह नव्हताच. दुसरी, अंगात ताप, पण जखमेत पू नाही. तिसरी, तिसऱ्या-चौथ्या दिवशी लघवी अशी सुरू झाली की दोन लिटरची पिशवी दिवसात चार वेळा रिकामी करावी लागे. ते काम माझ्याकडे होते, म्हणून आकडा लक्षात आहे. आणि चौथी, खालाने विचारलेली, ती झीज.

मार एका जागी आणि बिघाड सगळीकडे. हे काय गौडबंगाल होते?

कवटीच्या आतले कारभारी

डोक्याचा मार जिवाला घातक, हे माणसाला फार आधीपासून ठाऊक आहे. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० च्या सुमारास उतरवलेल्या एका इजिप्शियन पपायरसमध्ये ४८ जखमींची वर्णने आहेत आणि त्यांतले पहिले २७ डोक्याच्या जखमांचे आहेत. डोक्यावर घाव पडलेला माणूस पाय ओढत चालतो, त्याची वाचा जाते, हे त्या लेखकाने टिपून ठेवले आहे. आपल्या सुश्रुताने शरीरातली १०७ मर्मे मोजली. त्यांतली ३७ गळ्यापासून वर आहेत. हजार वर्षांपूर्वी कॉर्दोव्याच्या अल-जहरावीने आपल्या ग्रंथाच्या शस्त्रक्रियेवरच्या भागात कवटी फुटल्यावर काय करावे, हे सांगितले.

पण हे सगळे जखमेकडे पाहणारे शहाणपण होते. फुटलेले हाड, वाहणारे रक्त, लुळा पडलेला हात. रक्तात, लघवीत, स्नायूंत काय चालले आहे, ते पाहायला रसायनशास्त्राची नजर लागते. ती यायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

१८४९ साली पॅरिसमध्ये क्लोद बर्नार या शास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. सशाच्या मेंदूच्या मागच्या, खालच्या भागात त्याने सुईने एक बारीक टोचा मारला. थोड्याच वेळात सशाच्या लघवीत साखर उतरली. सशाला काही गोड खाऊ घातलेले नव्हते. यकृत रक्तात साखर सोडते, हे बर्नारनेच त्याच्या आदल्या वर्षी दाखवले होते. म्हणजे टोचा मेंदूला आणि साखर सुटली यकृतातून. खालूंच्या अडीचशे साखरेचे मूळ या सशापाशी आहे.

मेंदूवर घाव बसताच शरीर ते संकट समजते. मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या अधिवृक्क ग्रंथी अॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसोल ही रसायने रक्तात सोडतात. नाडी धावते, रक्तदाब चढतो, यकृत आपली कोठारे उघडते आणि साखर जागच्या जागी ठेवणाऱ्या इन्सुलिनचा प्रभाव उणा पडतो. वाघ मागे लागला असता तर ही साखर पायांच्या कामी आली असती. इथे माणूस खाटेवर पडून आहे. तीच वाढलेली साखर मग जखमी मेंदूला जाचू लागते. साखर आटोक्यात ठेवायची, पण मेंदूचे इंधनही साखरच आहे, म्हणून फार खालीही आणायची नाही. अतिदक्षता विभागात साखर अगदी काटेकोर खाली ठेवण्याने मृत्यू वाढतात, हे २००९ साली सहा हजारांवर रुग्णांच्या चाचणीतून दिसले. मधला मार्गच बरा, हे इथेही खरे ठरले.

चुलीतली राख

आता खालाच्या प्रश्नाकडे येतो.

१९३० च्या सुमारास स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या एका मोठ्या रुग्णालयात डेव्हिड कथबर्टसन नावाचा तरुण जीवरसायनतज्ज्ञ काम करत होता. पायाचे हाड मोडलेल्या रुग्णांची लघवी तो रोज तपासत असे. तिच्यात नायट्रोजन किती आहे, हे तो मोजायचा. नायट्रोजन कशाला? चुलीतली राख बघून किती लाकूड जळाले याचा अंदाज बांधावा, तसे आहे हे. अंगातली प्रथिने जळली की त्यांची राख नायट्रोजनच्या रूपाने लघवीतून बाहेर पडते. कथबर्टसनला दिसले, की मोडलेल्या पायाभोवतीचे सगळे मांस विरघळले असे धरले, तरी एवढी राख होत नाही. म्हणजे इजा पायाला, पण मांस साऱ्या अंगाचे जळत होते. १९४२ साली त्याने या प्रकाराला समुद्राची भाषा दिली. मार लागल्यावर आधी ओहोटी, म्हणजे शरीर गार, मंद. आणि मग भरती, म्हणजे ताप, धडधड आणि स्वतःचेच मांस जाळून चाललेली धुमश्चक्री.

पाय मोडल्यावर हे होते, तर मेंदूच फुटल्यावर किती होत असेल? नंतरच्या मोजण्यांतून कळले, की डोक्याला जबर मार लागलेला माणूस बेशुद्ध, निश्चल पडलेला असूनही निरोगी माणूस विश्रांतीत जेवढी ऊर्जा वापरतो तिच्या सुमारे दीडपट ऊर्जा जाळत असतो. वरून शांत, आत भट्टी. अन्न मिळाले नाही, तर अशा रुग्णाचे वजन आठवड्याला शेकडा १५ पर्यंत उतरू शकते. साठ किलोच्या माणसाचे नऊ किलो, एका आठवड्यात!

रोज्यात काय होते? शरीर काटकसर करते. चूल मंदावते, आधी साठा वापरते, मग चरबी, मांसाला शक्य तितके जपते. डोक्याच्या जबर इजेत ही काटकसर उलटी होते. कॉर्टिसोल, अॅड्रेनॅलिन आणि सुजेतून निघणारी रसायने मिळून स्नायूंची प्रथिने फोडायला लावतात. त्यांतून यकृत साखर बनवते, जखम भरायचा माल बनवते. घराला आग लागली म्हणून दारे-खिडक्यांचे लाकूडच उपसून चुलीत घालावे, असा हा प्रकार. खाला म्हणत होती ते बरोबर होते. रोज्याने माणूस असा वाळत नाही.

आणि आम्ही काय देत होतो? पहिले चार दिवस सलाईन. लोकांचा सलाईनवर फार विश्वास. ‘बाटली लावली’ की जेवण झाले असे वाटते. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साखर असते २५ ग्रॅम. तिच्यातून एका ज्वारीच्या भाकरीएवढीही ऊर्जा मिळत नाही. पुढे नाकातून नळी घातली, दूध-साखरेचे, भाताच्या पेजेचे पाणी सुरू झाले, तेव्हा कुठे अंगाला आधार मिळाला. भूकंपात जखमींची रीघ लागलेली असताना त्या डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी जे केले, त्याचे ऋण मोठे आहे. मी सांगतो आहे तो ज्ञानाचा इतिहास. अमेरिकेतल्या केंटकीमध्ये १९८३ साली ३८ रुग्णांवर केलेल्या एका अभ्यासात लवकर आणि पुरेसे पोषण मिळालेले २० ही जण पहिले अठरा दिवस तगले. ज्यांना पोटावाटे पुरेसे अन्न पोचू शकले नाही, त्या १८ पैकी आठ दगावले. पुढे २००८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ७९७ रुग्णांच्या नोंदींतून दिसले, की पहिल्या पाच दिवसांत अन्न सुरू न झालेल्यांत मृत्यू दुप्पट आणि सात दिवसांत न झालेल्यांत चौपट. डोक्याच्या इजेत अन्न हेही औषधच आहे. हे जगालाच उशिरा कळले.

पाणी आणि मीठ

पिशवी चार वेळा का भरत होती?

मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे हाडाच्या एका खोबणीत वाटाण्याएवढी एक ग्रंथी बसलेली असते. तिला पीयूषिका म्हणतात. डॉक्टर पिट्यूटरी म्हणतात. एका नाजूक देठाने ती मेंदूला लोंबकळते. तिच्यातून येणारे एक रसायन मूत्रपिंडांना सांगते, ‘पाणी जपून सोडा.’ दगडाच्या धक्क्याने तो देठ किंवा त्याच्या रक्तवाहिन्या दुखावल्या की हा निरोप पोचत नाही आणि नळाची तोटी उघडी राहते. माणूस कोरडा पडतो, रक्तातले मीठ घट्ट होते. कधी याच्या उलट होते. निरोप जास्त जातो, पाणी साचते आणि मीठ पातळ होते. कधी तर मूत्रपिंडांतून मीठच वाहून जाते. मेंदूच्या आजारात असे मीठ वाहून जाते, हे १९५० साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी तीन रुग्णांवरून मांडले. रक्तातल्या सोडियमचा नेहमीचा पल्ला १३५ ते १४५. तो झपाट्याने खाली आला की मेंदू पाणी शोषून आणखी सुजतो. कवटी तर हाडाची पेटी; सुजेला जागा नाही.

खालूंच्या लघवीचे माप मी एका वहीत लिहीत होतो. मला ते कंटाळवाणे काम वाटे. त्या वहीवरून डॉक्टर बाटल्यांचा हिशेब ठरवत होते. ती माझ्या हातून लिहिली गेलेली सर्वांत उपयोगी वही असावी, असे आता वाटते.

दुसरा घाव

मेंदूचे वजन शरीराच्या शेकडा २, पण ऊर्जेचा वाटा शेकडा २० च्या आसपास. घाव बसला की पेशींचे पडदे फाटतात. एका पेशीने दुसरीला निरोप द्यायचे ग्लुटामेट नावाचे रसायन भसाभस बाहेर पडते. ते जास्त झाले की विष होते, हे जॉन ओल्नी या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६९ च्या सुमारास दाखवून दिले. त्याच्या माऱ्याने पेशींत कॅल्शियम शिरते, पेशींच्या आतल्या वीजघरांचे काम बंद पडू लागते. ती पुन्हा सावरण्यासाठी पेशी साखर मागतात, प्राणवायू मागतात आणि नेमका त्याच वेळी सुजेमुळे रक्ताचा पुरवठा तोकडा पडतो. हे तासन्तास, दिवसेंदिवस चालते. पहिला घाव दगडाचा. दुसरा घाव शरीरातल्या रसायनांचा. पहिला कोणालाच उलटवता येत नाही. डॉक्टरांची सारी लढाई दुसऱ्याशी असते.

या लढाईत सर्वांत घातक गोष्ट कोणती? १९९३ सालीच, आपल्या भूकंपाच्या काही महिने आधी, अमेरिकेत ७१७ गंभीर रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचा वरचा रक्तदाब रुग्णालयात पोचेपर्यंत एकदा जरी नव्वदच्या खाली गेला होता, त्यांच्यातले मृत्यू दुपटीहून अधिक होते. भुकेलेल्या मेंदूला रक्त आणि प्राणवायू थोडा वेळही कमी पडला, की दुसरा घाव खोल जातो. सास्तूर ते सोलापूर त्या टेम्पोत, पावसात, उताण्या पडलेल्या आणि घरघरणाऱ्या माणसाला आम्ही तसेच धरून बसलो होतो. कुशीवर वळवून श्वासाची वाट मोकळी करावी, एवढे कोणी सांगितले असते तर आम्ही केले असते.

आणखी एक गोष्ट सांगायची, कारण ती विज्ञानाच्या मोठेपणाची आहे. मेंदूची सूज उतरावी म्हणून स्टेरॉइडची इंजेक्शने देण्याची पद्धत जगभर तीसेक वर्षे होती. गाठीभोवतीच्या सुजेवर ती गुणकारी ठरली होती, म्हणून मारावरही चालतील, असे समजले गेले. खालूंनाही ती मिळाली. तेव्हाचा रिवाजच तो. मग १९९९ ते २००४ या काळात ४९ देशांतल्या १०,००८ रुग्णांवर चाचणी झाली. स्टेरॉइड मिळालेल्यांतले शेकडा २१.१ दोन आठवड्यांत दगावले. न मिळालेल्यांतले १७.९. ज्याला आधार समजले, तेच शंभरामागे तीन जादा माणसे नेत होते. चाचणी मध्येच थांबवली गेली आणि डोक्याच्या मारावर स्टेरॉइड देणे बंद झाले. आपण चुकत होतो, हे आकडे मांडून जगाला सांगायला धैर्य लागते. त्याच गटाने २०१९ मध्ये १२,७३७ रुग्णांवर रक्तस्राव रोखणाऱ्या औषधाची चाचणी प्रसिद्ध केली. सौम्य आणि मध्यम इजेत, तीन तासांच्या आत, जितके लवकर तितका त्याचा उपयोग, असे तिच्यातून निघाले. डोक्याच्या इजेनंतर रक्ताची गोठण्याची घडीही बिघडते, त्याचा हा इलाज.

घरी आलेला माणूस

दहाव्या दिवशी खालूंनी डोळे उघडले. पाच आठवड्यांनी घरी आले. घर म्हणजे पत्र्याची शेड. गाव नव्या जागी उठणार होते. बोलू लागले, चालू लागले. आम्ही अल्लाचे आभार मानले. पण काही महिन्यांनी लक्षात आले, की हा माणूस तो नाही. भर उन्हाळ्यात घोंगडी पांघरून बसायचे. दुपारपर्यंत उठायचे नाही. दाढी विरळ झाली. हौस गेली, भूक गेली, भांडणसुद्धा गेले. पुनर्वसनात गावोगावी बांधकामे निघाली होती, गवंड्याला सोन्याचे दिवस होते. खालूंनी थापी हातात घेतली नाही.

लोक काय म्हणाले? कोणी म्हणाले, भूकंपाचे भ्यालेत. कोणी म्हणाले, स्वतः बांधलेल्या भिंतीखाली माणसे गेली, ते मनाला लागले आहे. कोणी बाहेरचे म्हणाले. मी काय म्हणालो, ते सांगायला आज लाज वाटते. मी म्हणालो, ‘मदतीची सवय लागली. खालूला आता कामच नको.’ हे मी त्यांच्या देखत म्हणालो होतो. ते काही बोलले नाहीत.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मला पीयूषिकेची दुसरी बाजू वाचायला मिळाली. ती नुसते पाण्याचे निरोप देत नाही. गळ्यातली थायरॉइड, अधिवृक्क ग्रंथी, पुरुषत्वाची आणि स्त्रीत्वाची रसायने, अंगाची वाढ आणि ताकद, या सगळ्यांची ती मुकादम आहे. मारानंतर ती महिनोन्महिने, वर्षानुवर्षे मंद पडू शकते. मग माणसाला थंडी वाजते, गळून जाते, केस विरळ होतात, कशातच मन लागत नाही. असा पहिला रुग्ण १९१८ साली जर्मनीत नोंदला गेला. तरी हे क्वचितच घडते, असे पुढे कित्येक दशके मानले जात होते. २००७ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा मेंदूला मार लागून वाचलेल्यांपैकी शेकडा २७ च्या आसपास लोकांत या ग्रंथीचे काही ना काही काम उणे पडलेले आढळले. वेगवेगळ्या अभ्यासांत आकडा कमीजास्त येतो. पण ही क्वचितची गोष्ट नाही, एवढे नक्की. रक्ताच्या तपासणीतून ती कळते आणि जे रसायन कमी पडते ते गोळीने किंवा इंजेक्शनने बऱ्याच अंशी भरून काढता येते.

खालूंची अशी तपासणी झाली नाही, म्हणून त्यांना हेच झाले होते असे मी म्हणणार नाही. भीती आणि दुःखही माणसाला खाऊन टाकतात. उद्ध्वस्त गावात तर त्यांना तोटा नव्हता. मी इतकेच म्हणतो, की तपासण्याजोगे काही होते आणि आम्ही ते आळसाच्या खाती मांडून मोकळे झालो. २००८ साली ते गेले.

आज

आता दिवस बदलले आहेत. भूकंपानंतर सास्तूरला स्पर्श रुग्णालय उभे राहिले. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावते आहे. अलीकडे धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पण भूकंप एकदाच आला. रस्ते रोज आहेत. सोलापूर–हैदराबाद महामार्ग उमरग्यावरून जातो, सोलापूर–धुळे महामार्ग तुळजापूर आणि धाराशिववरून. दर्शनाला जाणारी, कारखान्यावर जाणारी, कॉलेजात जाणारी पोरे मोटारसायकलवर असतात आणि हेल्मेट आरशाला लटकलेले असते. भूकंपात दगड वरून आला. इथे आपण डोके घेऊन दगडावर जातो.

म्हणून चार साध्या गोष्टी सांगतो. डोक्याला मार लागून बेशुद्ध पडलेल्याला पाणी पाजू नका. ते श्वासात जाते. कांदा हुंगवत वेळ घालवू नका. १०८ लावा. मानेला झटका न देता, डोके आणि अंग एका रेषेत ठेवून कुशीवर करा, म्हणजे श्वासाची वाट मोकळी राहील. जखम वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबा. पोलिसांचे लचांड मागे लागेल, म्हणून पाठ फिरवू नका. मदत करणाऱ्याला त्रास देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ सालीच बजावले आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर ते मोटार वाहन कायद्यातही आले आहे. आणि रुग्ण घरी आल्यावर, सहा महिन्यांनी, वर्षाने तो गळून गेलेला, थंडीने कुडकुडणारा, हौस हरवलेला दिसला, तर त्याला आळशी म्हणण्याआधी एकदा डॉक्टरांना विचारा, ‘याची पिट्यूटरीची तपासणी करू या का?’

काही वर्षांपूर्वी मी खालाला हे सगळे सांगितले. सशाची गोष्ट सांगितली, चुलीतल्या राखेची सांगितली. तिने शांतपणे ऐकले. तिच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, याचा तिला आनंद होईल, असे मला वाटले होते. ती म्हणाली, ‘म्हणजे त्यांना खरंच थंडी वाजत होती.’

एवढेच म्हणाली. मग उठून तिने पेटीतून त्यांचा ओळंबा काढला आणि माझ्या हातात दिला. तो माझ्या टेबलाशेजारी खुंटीला आहे. भिंत सरळ आहे का, हे पाहायचे ते साधन. कोणाबद्दल पटकन काही बोलून मोकळे व्हावेसे वाटले, की मी आधी त्याच्याकडे बघतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)